डबल बेल

वहीच्या शेवटच्या पानापासून उलटं लिहीत आलेय.
पुढच्या पानांवर दुकानातले नंबर,
लोकांच्या डोळ्यांचे: उणे अडीच, उणे तीन, सिलिंडर, अक्ष.
मागच्या पानांवर अल्माटी.
अल्माटी ते ओश, साडेआठशे किलोमीटर,
वाहन: जे थांबेल ते.

जमा बावन्न हजार तीनशे.
त्यात भिशीचे अठरा, जुनी अ‍ॅक्टिव्हा विकली तिचे एकवीस,
बाकी रावपुऱ्यातल्या दोन दिवाळ्यांचा बोनस.
विमानाखाली रेघ मारली की
रोजचे नऊशे उरतात,
झोपण्यासकट.
'झोपण्यासकट' वाचून झरणा म्हणाली, माझा तंबू ने,
एक चेन अडकते, पण आतून धरून ठेवता येते.

आईने काही विचारलं नाही.
पँटच्या आत चोरखिसा शिवला,
इतका खोल, की माझाच हात पोचत नाही.

बाबांना सांगायचं राहिलं होतं.
एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, वडोदरा–छोटा उदेपूर,
विनातिकीट माणूस पाठमोरा ओळखायचे.
त्यांना कसं सांगावं
की मुलगी अख्खा देश फुकट ओलांडणार आहे.

सांगितलं.
त्यांनी चष्मा पुसला, खूप वेळ,
मग विचारलं, उभी कुठे राहणार?
रस्त्यावर. अंगठा दाखवून.
"अंगठा तर नाही म्हणायला दाखवतात."
तिकडे अंगठा चालतही नाही, मी म्हटलं,
हात पुढे, तळवा जमिनीकडे, हळूहळू हलवायचा,
भुंकणाऱ्या कुत्र्याला शांत करावं तसा.
ते उठलेच. टीव्ही चालू, पायात एकच चप्पल.
"असा? अगं, हा तर आपला बोडेलीचा हात!"

रविवारी पहाटे पाचला त्यांनी मला गोल्डन चोकडीला नेलं.
पुलाखाली नाही. वळणावर तर नाहीच.
"तू दिसल्यावर ड्रायव्हरला दोनशे पावलं मिळाली पाहिजेत.
नाही म्हणायलासुद्धा वेळ लागतो माणसाला."
पिशवी पायाशी, दिसेल अशी. तोंड उजेडाकडे.
मी मोबाइलवर लिहून घेत होते,
तो त्यांनी खिशात ठेवायला लावला.

रिफायनरीचे टँकर गेले, एकामागून एक.
मग न विचारताच म्हणाले,
"सत्त्याण्णव साली, थंडीत. जबुगामच्या अलीकडे एक बाई.
काखेत पोर, हात असा.
गाडी भरलेली नव्हती.
वीस मिनिटं उशीर झाला होता फक्त.
भीखाभाई ब्रेकवर पाय ठेवून आरशात माझ्याकडे बघतोय,
आणि मी डबल मारली."
त्यांची मूठ वर गेली होती,
दोरी अजून तिथेच असल्यासारखी.
"पुढची एसटी तीन तासांनी होती."

मला काही बोलता आलं नाही.
मी हात पुढे केला, तळवा खाली.
सतरा गाड्या. मोजत मीच होते.
अठरावा ट्रक पुढे जाऊन थांबला,
आम्ही धावलो, बाबा माझ्यापुढे.

"क्यां जवुं छे?"
बिश्केकचं मला सांगता आलं असतं,
घाटातला बोगदा, तोक्तोगुलचं पाणी, सगळे मुक्काम पाठ.
इथे मात्र जीभ उचलेना.
"हालोल," बाबा म्हणाले, आणि चढले.
आत जाताच त्यांनी पाकीट काढलं,
ड्रायव्हरने मान हलवली: "बेसो ने, काका."

ट्रकमध्ये कांद्याचा वास, आरशाला लोंबणारी लिंबू-मिरची,
डॅशबोर्डवर अर्धं पुडकं लिला चेवडा, त्याने पुढे सरकवला.
परत कसं यायचं, ते वहीत नव्हतं.
बाबा सीटच्या अगदी काठावर बसले होते,
गुडघे जुळवून,
विनातिकीट माणूस बसतो तसे.